स्वतः बांधलेला रॉड: दोरा, एपॉक्सी आणि नक्षी, नवख्याने कुठून सुरुवात करावी?

रंकाळाकाठी
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मासेमारीचा रॉड बांधायला सात फुटी, दोन तुकड्यांचा कार्बन ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती नळी, मागवला आहे. मीडियम पॉवरचा, मरळ आणि चिलापी डोळ्यांसमोर ठेवून. कॉर्कची मूठ आणि रील सीट (रील बसवायची जागा) चिकटवून झाली. गाइड, म्हणजे गळाची दोरी (लाइन) ज्यांतून जाते त्या कड्या, सध्या मास्किंग टेपने तात्पुरते लावलेत. आता खरी परीक्षा: गाइडवर दोरा गुंडाळायचा, त्यावर एपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून होणारा चमकदार लेप) चढवायचं आणि थोडी सजावट करायची. परदेशी व्हिडिओ भरपूर पाहिले, पण त्यातली माणसं कोरड्या गॅरेजमध्ये बसलेली असतात. इथे पावसाची झड लागली की आमच्या घरात पापडसुद्धा मऊ पडतात.

प्रश्न असे की दोरा कुठला घ्यावा, एपॉक्सीखाली त्याचा रंग टिकतो का, आणि या हवेत ते नीट सुकेल का. आणि पहिल्याच रॉडवर नक्षी किती करावी? माझ्या डोक्यात शेंड्यापर्यंत भगव्या-काळ्या पट्ट्या आहेत.

मरळप्रेमी
शेंड्यापर्यंत पट्ट्या? रॉड बांधतोयस की ज्योतिबाची सासनकाठी?

रंकाळाकाठी
@मरळप्रेमी हाहा. चैत्र यात्रेत नाचवतो मग.

उद्यमनगरवाला
दोऱ्याला हात लावायच्या आधी दोन गोष्टी कर. यावर कुणी बोलत नाही, कारण फोटोत त्या दिसत नाहीत.

पहिली म्हणजे गाइडचे पाय, कडीच्या ज्या पट्ट्यांवर दोरा गुंडाळतो त्या. कारखान्यातून येणाऱ्या गाइडच्या पायाचं टोक बोथट असतं. दोरा ब्लँकवरून पायावर चढताना तिथे पायरी लागते, वेढे घसरतात आणि फट राहते. बारीक कानस घे आणि टोक वरच्या बाजूने घासून सुरीच्या पात्यासारखं निमुळतं कर. मग पाय उलटा करून खालच्या बाजूने बोट फिरव. टोचणारा कंगोरा राहिला असेल तर तोही काढ. तो कंगोरा मासा ओढताना ब्लँकमध्ये रुततो, आणि पुढे रॉड नेमका तिथेच मोडतो. घासलेली धातूची पूड पुसून टाक, नाहीतर एपॉक्सीखाली काळे ठिपके कायमचे दिसतील.

दुसरी म्हणजे वजन लावून पाहणं. टेपवर असतानाच गाइडमधून लाइन ओव, टोकाला पाण्याची बाटली बांध आणि मूठ धरून रॉड वाकव. दोन गाइडच्या मध्ये लाइन ब्लँकला टेकते का बघ. टेकत असेल तर गाइड सरकवून बघ, तरी टेकली तर एक वाढव. सात फुटी रॉडला शेंड्याचा धरून सात-आठ गाइड लागतात. जागा पक्क्या झाल्या की चायना मार्करने (पुसता येणाऱ्या मेणाच्या पेन्सिलने) खुणा कर आणि मग दोऱ्याकडे वळ. सजावट नंतर बदलता येते, पण एपॉक्सी चढल्यावर गाइड हलवायचा म्हणजे सगळं खरवडून परत सुरुवात.

भोगावती
वरच्या प्रतिसादाला +१. रोजच्या वापरात आपण लाइन बघतो, गाइडचा पाय कोण बघतो!

दोऱ्याबद्दल. रॉडसाठी खास दोरा मिळतो, जाडीप्रमाणे ए आणि डी असे आकार असतात. आपल्या नदी-तलावाच्या रॉडला ए पुरे. डी समुद्रावरच्या जाडजूड रॉडसाठी. ए बारीक असल्याने वेढे जास्त पडतात, हात भरून येतो, पण दिसतो सुबक.

गुंडाळायला सुरुवात गाइडच्या बाहेरून करायची, म्हणजे मोकळ्या ब्लँकवरून पायाकडे. गाठ कुठेही मारायची नसते. दोऱ्याचं टोक ब्लँकवर आडवं धरायचं, त्यावरून दोरा फुलीसारखा न्यायचा आणि चार-पाच वेढे त्या टोकावरच घ्यायचे. टोक आपोआप दाबलं जातं, मग उरलेलं कापायचं. शेवट यायला सहा-आठ वेढे राहिले की दुसऱ्या दोऱ्याचा एक फास आडवा ठेवायचा आणि उरलेले वेढे त्यावरून घ्यायचे. मुख्य दोरा कापून त्याचं टोक फासात घालायचं आणि फास खेचायचा. टोक वेढ्यांखालून ओढलं जाऊन गडप.

ताण किती? गाइड अंगठ्याने जोर लावून ढकलला तर किंचित सरकला पाहिजे, एवढाच. सगळे गाइड बांधून झाल्यावर शेंड्याकडून डोळा लावून एका ओळीत आणायचे असतात, तेव्हा ही ढिलाई उपयोगी पडते. आवळून बांधलं तर मग गाइड जिथे बसला तिथे बसला.

गुजरीकर
@भोगावती तुम्ही फास घालून टोक आत ओढायचं लिहिलंत ते वाचून हसू आलं. आमच्या घरी तीन पिढ्या पटवेकरीची कामं. साज, पुतळ्यांची माळ, गाठलं असेल ते रेशमात ओवून वर गोंड्याला वेढे देऊन टोक लपवायचं. आमचे आजोबा हेच करायचे. त्यांच्या मते गाठ दिसली म्हणजे काम कच्चं.

एक टिप देतो. वेढे भरून झाले की चमच्याच्या मागच्या गुळगुळीत बाजूने दोरा हलकेच घासा, गुंडाळीच्या दिशेने. फटी मिटतात, दोऱ्याला एकसारखी चकाकी येते. नखाने करू नका, नखाचा खरबरीतपणा दोऱ्याला तंतू काढतो. तरी तंतू उभे राहिलेच तर लायटरची ज्योत क्षणभर जवळून फिरवा. थांबलात तर दोरा जळेल.

रंकाळाकाठी
गुजरीकर, भारी! म्हणजे कोल्हापुरात हे काम करणारे आधीपासून आहेत, फक्त माशांसाठी करत नव्हते.

मग दोऱ्याचं काय? महाद्वार रोडला शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात रंगांची लयलूट असते. इचलकरंजी जवळच आहे. खास दोरा बाहेरून मागवण्यापेक्षा इथलाच वापरला तर?

वेळूची काठी
इचलकरंजीचं सूत कापडाला. सुती दोऱ्याला लव असते, एपॉक्सी चढलं की ती लव काट्यासारखी उभी राहते. वापरू नका.

भोगावती
शिवणकामाचा पॉलिएस्टर दोरा चालतो, पण बघून घ्या. कातलेला म्हणजे आखूड तंतू पिळून केलेला नको, त्यालाही लव असते. सलग तंतूचा, उजेडात धरला की चमकणारा हवा. भरतकामाच्या मशीनचा चमकदार दोरा सजावटीला उत्तम, पण गाइड धरून ठेवायला लावू नका, ताकद कमी असते. गाइडवर रॉडचा नायलॉन, मुठीजवळच्या नक्षीवर भरतकामाचा, अशी वाटणी करा. खर्चही आवाक्यात राहतो.

शर्वरी_के
रंगाच्या प्रश्नाकडे वळते, कारण नवख्यांना तिथेच धक्का बसतो. साधा नायलॉन दोरा एपॉक्सी प्यायला की अर्धपारदर्शक होतो. पांढरा जवळपास नाहीसा होतो आणि खालचा काळा ब्लँक दिसायला लागतो. भगवा तपकिरी-विटकरी होतो, लाल दारूच्या रंगावर जातो. काळा, गडद निळा फारसे बदलत नाहीत. मेटॅलिक दोरा अजिबात बदलत नाही.

रंग जसाच्या तसा हवा असेल तर दोन वाटा. एक, कलर प्रिझर्व्हर. हे पाण्यातलं ॲक्रिलिक असतं, दुधासारखं दिसतं, दोऱ्यावर दोन-तीन हात मारायचे आणि पूर्ण सुकू द्यायचं. दुसरी, एनसीपी म्हणून मिळणारा दोरा. त्यावर आधीच प्रक्रिया केलेली असते, प्रिझर्व्हर लागत नाही.

@रंकाळाकाठी तुमच्या भगव्या-काळ्यासाठी भगवा एनसीपी आणि काळा साधा घ्या, सुटलात.

उद्यमनगरवाला
शर्वरीताई, गाइडवर प्रिझर्व्हर लावायला माझा विरोध आहे. प्रिझर्व्हरने दोऱ्याच्या फटी बुजतात, मग एपॉक्सी आत जातच नाही, वर नुसतं कवच होतं. गाइडचा पाय, दोरा आणि ब्लँक हे तिन्ही एकजीव झाले पाहिजेत. रंगासाठी पकड कशाला सोडायची?

शर्वरी_के
काका, मोठ्या समुद्री रॉडसाठी तुमचं म्हणणं मान्य. चिलापीच्या रॉडला इतका जोर लागतो कुठे? गाइड दोऱ्याने धरलेला असतो, एपॉक्सी दोऱ्याला धरते. प्रिझर्व्हर अर्धवट ओला असताना एपॉक्सी चढवली की डाग पडतात आणि लोक मग प्रिझर्व्हरलाच शिव्या देतात. पावसाळ्यात तो सुकायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ द्यावा हे मात्र खरं.

उद्यमनगरवाला
मरळ काही चिलापीचा रॉड बघून येत नाही, ताई.

मरळप्रेमी
😂 काकांना मत.

भोगावती
मधला मार्ग: गाइडवर गडद रंग, प्रिझर्व्हर नाही. मुठीच्या वरच्या नक्षीवर हवे ते रंग, प्रिझर्व्हर लावून. नक्षीवर कुठला मासा ओढत नाही. आणि कोणताही रंग आधी एखाद्या जुन्या काठीवर चार वेढे घेऊन, एपॉक्सी लावून बघायचा. डबीवरचा रंग आणि सुकल्यावरचा रंग यांचा काही भरवसा नाही.

पुण्यातला पन्हाळकर
हे सगळं वाचून एक विचारतो. घरी बायको रेझिन आर्ट करते, ट्रे-किचेन वगैरे. ते रेझिन पडलेलंच आहे, रॉडला चालेल? आणि अराल्डाइट?

शर्वरी_के
मीही रेझिन आर्टच करते, म्हणून ठामपणे सांगते: नाही. ट्रेचं रेझिन कडक होण्यासाठी बनवलेलं असतं. रॉड वाकतो, त्यावरचं फिनिश त्याच्याबरोबर वाकलं पाहिजे. कडक रेझिनला गाइडच्या पायाशी बारीक चिरा पडतात, त्यातून पाणी आत जातं आणि पाय गंजायला लागतात. शिवाय त्याचं प्रमाण बऱ्याचदा दोनास एक किंवा तीनास एक असतं. रॉड फिनिश बहुतेक एकास एक असतं. डबीवर लिहिलेलं वाचा, अंदाजपंचे नको.

अराल्डाइट रील सीट आणि मूठ चिकटवायला छान, तेही सावकाश सुकणारं. दोऱ्यावर नको. जाड असतं आणि पिवळट दिसतं.

उद्यमनगरवाला
प्रमाणावरून आठवलं. एकास एक म्हणजे आकारमानाने. वजनकाट्यावर एकास एक मोजू नका, रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. सिरिंजने मोजा, दोन बाटल्यांना दोन सिरिंज, त्यांची अदलाबदल कधीही नाही. मेडिकलमधली सिरिंज घेतलीत तर तिच्या रबरी दट्ट्याला सिलिकॉनचं वंगण असतं. ते एपॉक्सीत उतरलं तर फिनिशला माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, तिथून एपॉक्सी मागे सरते. बिनरबराच्या, पूर्ण प्लास्टिकच्या सिरिंज मिळतात त्या घ्या. हाताच्या तेलानेही हेच होतं, म्हणून दोरा झाल्यावर त्याला उगाच कुरवाळत बसू नका.

फार थोडं मिसळू नका. तीन मिली अधिक तीन मिली बरं पडतं. अर्ध्या-अर्ध्या मिलीत एक थेंब इकडचा तिकडे झाला की प्रमाण बिघडतं आणि फिनिश आठवडाभर चिकट राहतं.

भोगावती
ढवळताना फेटायचं नाही, काठाला घासत सावकाश तीन-चार मिनिटं. मग अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या उथळ वाटीत ओतायचं. पसरल्यामुळे उष्णता साठत नाही, हाताशी वेळ जास्त मिळतो, बुडबुडे स्वतःहून वर येतात. कपातच ठेवलं तर ते तापून बघता बघता घट्ट होतं.

रंकाळाकाठी
उपयोगी माहितीचा पूर आलाय. आता पावसाचं सांगा कुणीतरी. पूर तोही येतोच आपल्याकडे.

वेळूची काठी
राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की एपॉक्सीचं काम बंद ठेवावं. तेवढे दिवस दोरे गुंडाळावेत, नवीन रंग निवडावेत. दिवाळीनंतर एपॉक्सी.

शर्वरी_के
काका, इतकंही नाही. कारण समजून घेतलं तर पावसातही जमतं. हार्डनरमधलं अमाइन हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइडशी मिसळतं आणि वर मेणचट, ढगाळ थर येतो. त्यावरच दुसरा हात मारला की तो धरत नाही. म्हणून:

खोली बंद, शक्य तर एसी ‘ड्राय’ मोडवर चालू. दार-खिडक्या उघड्या ठेवून पंखा लावणं सगळ्यात वाईट, वाफ आणि धूळ दोन्ही येतात. हार्डनरची बाटली काम झालं की लगेच घट्ट बंद. पहिला थर हाताला मेणचट लागला तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कपड्याने पुसून, पूर्ण वाळवून, अगदी बारीक पॉलिश पेपरने हलकं घासून मगच दुसरा थर.

हिवाळ्यात उलट अडचण. डिसेंबरच्या सकाळी रेझिन मधासारखं घट्ट होतं, त्यात बुडबुडे अडकतात. बंद बाटल्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. पातळ करायला स्पिरिट किंवा थिनर टाकायचा सल्ला बरेच जण देतात, मी नाही देणार. फिनिश मऊ राहायची भीती असते.

भोगावती
लावताना: दोऱ्याच्या दोन्ही कडांना साधारण एक मिलिमीटर पुढे ब्लँकवर जा, म्हणजे कड सील होते. गाइडच्या पायाशेजारी दोऱ्याखाली जो बोगदा उरतो तो ब्रशच्या टोकाने भरून घ्या, बहुतेक जण तो विसरतात आणि पाणी तिथूनच शिरतं. पहिला हात पातळ, दोऱ्यात मुरेल एवढाच. दहा मिनिटांनी रॉड फिरवणं थांबवा, जास्तीचं एपॉक्सी खालच्या बाजूला लोंबतं, ते कोरड्या ब्रशने टिपा. परत फिरवा. बुडबुडे राहिले तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत झरकन खालून न्या. मेणबत्ती नको, काजळी धरते. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. एकाच वेळी जाड थर चढवायचा मोह आवरा, त्याचेच फुगवटे होतात.

रंकाळाकाठी
फिरवायचं म्हणजे मोटर लागणार? व्हिडिओत प्रत्येकाकडे मशीन आहे.

पंत_शुक्रवारपेठ
मर्दा, मोटर कशाला इकत आणतोस. तुझ्या तालमीत विचार, गणपतीच्या मागं फिरणारं चक्र असतंय न्हवं, त्याची मोटर पडलेली असती. लई स्लो फिरती. मिक्सरची लावू नको फक्त, एपॉक्सी भिंतीवर जाईल आणि घरच्यांचा मार वेगळाच.

उद्यमनगरवाला
@पंत_शुक्रवारपेठ शंभर टक्के! त्या सिंक्रोनस मोटरी असतात. मायक्रोवेव्हची काचेची थाळी फिरवणारीही त्याच जातीची, मिनिटाला पाच-सहा फेऱ्या. रॉड सुकवायला तेवढा वेग ठीक. एक गंमत: चालू केल्यावर ती कधी उजवीकडे फिरते कधी डावीकडे. आपल्याला काही फरक पडत नाही. मात्र व्होल्टेज वाचूनच जोडा, मायक्रोवेव्हच्या काही मोटरी २३० व्होल्टच्या नसतात. तिच्यात जोर फार नसतो, म्हणून रॉडचं वजन तिच्यावर टाकायचं नाही. दोन लाकडी तुकड्यांना इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडा, खाचेत फेल्ट चिकटवा, रॉड त्यावर टेकवा. मोटर फक्त ढकलेल.

मोटर नसेल तर हाताने. सुरुवातीला दर दोन-तीन मिनिटांनी पाव फेरी, मग घट्ट व्हायला लागलं की अंतर वाढवत जायचं. दोन-तीन तास बैठक मारायची तयारी हवी. क्रिकेटची मॅच लावून बसा.

मरळप्रेमी
तालमीची मोटर आणली तर वर्गणी द्यावी लागेल बरं का. आणि पहिल्या माशाचा तांबडा रस्सा तालमीला.

पंत_शुक्रवारपेठ
मरळीचा रस्सा म्हंजे विषयच हार्ड. पंचगंगेतला नको पण, मळी सुटली की मासं तडफडत्यात तितं. वर धरणाकडचा आण.

पुण्यातला पन्हाळकर
पंचगंगेचं प्रदूषण हा वेगळा धागा होईल. ठेक्याच्या तलावावर परवानगी घेऊनच गळ टाका हेही जाता जाता.

संपादक मंडळ
रस्सा आणि नदी या विषयांसाठी वेगळे धागे आहेत. इथे रॉडवर बोला.

गुजरीकर
बोलतो. सजावटीवर कुणी येतच नाही म्हणून मीच लिहितो. पहिल्या रॉडला दोन प्रकार जमतात.

सगळ्यात सोपी किनार. मुख्य गुंडाळीच्या टोकाला वेगळ्या रंगाचे चार-पाच वेढे. काळ्या दोऱ्याला सोनेरी मेटॅलिक किनार दिली की काम उठून दिसतं. मेटॅलिक दोरा चपटा असतो, पीळ पडला की लगेच दिसतो, म्हणून रीळ उभं न ठेवता आडवं फिरू द्या.

दुसरा प्रकार चौकटींचा, मुठीच्या वर साधारण पाच-सहा इंचांत. ब्लँकवर मुठीपासून वर एक सरळ रेघ आणि बरोबर मागे दुसरी रेघ आखायची. पुढच्या रेघेवर समान अंतराने खुणा. दोन्ही टोकांना मास्किंग टेप. आता एक दोरा तिरका वर न्यायचा, असा की तो पुढच्या रेघेला प्रत्येक खुणेवर छेदेल. वर पोचला की टेपखाली अडकवून उलट्या तिरकसात खाली आणायचा. जिथे जाणारा आणि येणारा दोरा छेदतात तिथे फुली पडते, पुढे आणि मागेही. मग प्रत्येक फेरीत आधीच्या दोऱ्याला चिकटून एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला दोरा. फुली वाढत वाढत चौकट होते. रंग बदलायचा तो या फेऱ्यांमध्ये. आतून पिवळा, मग भगवा, मग काळा, अशी चौकटीत चौकट उमलत जाते.

मेख अशी की ब्लँक वर निमुळता होत जातो, तिरकस कोन तोच ठेवायचा तर वरच्या खुणा थोड्या जवळ घ्याव्या लागतात. दर फेरीनंतर नखाने नाही, प्लास्टिकच्या पट्टीच्या कडेने छेद रेघेवर सरकवून सरळ करून घ्यायचे. पहिल्या दोन फेऱ्यांत छेद अर्धा मिलिमीटर हलला तर दहाव्या फेरीला चौकट वाकडी तोंड करते. सगळं झालं की दोन्ही टोकांना नेहमीसारखी आडवी गुंडाळी, तिच्याबाहेरचे दोरे नव्या ब्लेडने कापायचे.

उद्यमनगरवाला
ब्लेड! हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं. कापताना पातं ब्लँकवर दाबू नका, दोरा उचलून कापा. कार्बनच्या तंतूंना बारीकसा छेद गेला तरी वरून काही कळत नाही, आणि भाराखाली नळी तिथेच काडकन जाते. लोक मग ब्लँक कंपनीला दोष देतात.

रंकाळाकाठी
चौकटींची नक्षी मनात बसली. मोराचं पीस लावलेले रॉडही पाहिले, ते पहिल्या वेळी जमेल? एकाने सापाचं कातडं लावलेलं दाखवलं होतं.

वेळूची काठी
सापाचं कातडं विसरा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, हौसेपायी वनखात्याच्या फेऱ्या मारायच्या का? मोराचं गळून पडलेलं पीस घरात ठेवायला हरकत नाही, परदेशी पाठवायला मात्र बंदी. कुणाला भेट म्हणून बाहेर धाडणार असाल तर तेही नको. कोंबड्याचं पीस घ्या, कोल्हापुरात कोंबड्यांना काय तोटा.

शर्वरी_के
कोंबड्याच्या मानेची पिसं फार सुंदर दिसतात, खरंच. मधली दांडी जाड असेल तर तिचा मागचा भाग ब्लेडने तासून सपाट करा, नाहीतर फिनिशवर उंचवटा येतो. ब्लँकवर प्रिझर्व्हरचा पातळ हात, तो चिकटसर असताना पीस ठेवायचं, ब्रशने तंतू बसवायचे, वर पुन्हा प्रिझर्व्हर. सुकलं की टोकं दोऱ्याच्या गुंडाळीखाली घ्यायची आणि मग एपॉक्सीचे पातळ थर. पिसात हवा अडकते, म्हणून एकदम जाड थर दिला की चंदेरी बुडबुडे कायमचे. पहिल्या रॉडला मी म्हणेन चौकट किंवा पीस, दोन्हीपैकी एकच.

वेळूची काठी
आणि आता मूळ प्रश्नाचा तो भाग, ज्याला सासनकाठी म्हणून हसून सगळे पुढे गेले. शेंड्यापर्यंत पट्ट्या नकोत, त्याचं कारण दिसण्याचं नाही. दोरा आणि एपॉक्सी दोन्हींना वजन असतं. मुठीजवळ वीस ग्रॅम वाढले तर हाताला कळणारही नाही. शेंड्याच्या दीड फुटात दोन-तीन ग्रॅम वाढले तरी रॉड सुस्त होतो, झटका दिल्यावर टोक डोलत राहतं, चिलापीने हलकं टोचलेलं हाताला पोचत नाही. शेंड्याचे गाइड एका पायाचे आणि हलके घेतात ते याचसाठी. तिथे एपॉक्सी एकच हात, तोही दोरा झाकण्यापुरता. नक्षीचा सगळा हट्ट मुठीपासून पहिल्या गाइडपर्यंत पुरवून घ्या.

मी स्वतः वेळूच्या काठीला अजूनही स्पार वॉर्निश लावतो. बोटाने पातळ हात, पूर्ण वाळलं की घासून पुढचा, असे सहा-सात. काचेसारखी चमक येत नाही, पण उन्हात पिवळं पडलं तर वरून परत हात मारता येतो. एपॉक्सीची ती जाड चमक माझ्या डोळ्याला प्लास्टिकची बाहुली वाटते. हा आवडीचा भाग झाला, भांडू नका.

पुण्यातला पन्हाळकर
काका, भांडण नाही पण चमकणारा रॉड बघूनच माझा मुलगा माझ्याबरोबर यायला लागला. मोबाइल सोडून.

भोगावती
वजनाबद्दल काकांशी सहमत. तयार स्वस्त रॉड हातात घ्या, शेंड्याच्या गाइडवर एपॉक्सीचे लाडू बसवलेले असतात. आपण स्वतः बांधतो ते हे टाळायला.

रंकाळाकाठी
ठरलं मग. गाइडवर काळा नायलॉन, प्रिझर्व्हर नाही, उद्यमनगरवाला काका खूश. खालच्या दोन गाइडना सोनेरी किनार. मुठीच्या वर भगव्या-पिवळ्या-काळ्या चौकटी, त्यावर प्रिझर्व्हर, शर्वरीताई खूश. शेंडा साधा. दोरे आत्ता गुंडाळून ठेवतो, एपॉक्सी पाऊस ओसरल्यावर. एसी मेहुण्याच्या घरी आहे, पण तिथे त्याची दोन मांजरं आहेत.

शेवटचे दोन प्रश्न. नाव लिहायचं असेल तर कधी आणि कशाने? आणि एपॉक्सी झाल्यावर किती दिवसांनी रॉड पाण्यावर न्यावा?

मरळप्रेमी
मांजराचा केस एपॉक्सीत गेला तर ती पण नक्षीच म्हणायची.

गुजरीकर
नाव पहिल्या पातळ थरानंतर. थेट ब्लँकवर लिहिलं आणि चुकलं तर पुसताना ब्लँकचा रंग खराब होतो, थरावर लिहिलं तर स्पिरिटच्या बोळ्याने लगेच पुसता येतं. बारीक टोकाचा पांढरा किंवा सोनेरी पेंट मार्कर घ्या. तो पूर्ण वाळू द्या, मग दुसरा हात. आधी कागदावर त्याच लांबीत लिहून बघा. गोल पृष्ठभागावर देवनागरीची शिरोरेघ जरा तिरकी झाली तरी लगेच नजरेत येते, म्हणून टेपची सरळ कड लावून आधी शिरोरेघ, मग तिच्याखाली अक्षरं.

उद्यमनगरवाला
हाताला कोरडं दुसऱ्या दिवशी लागतं, पण त्यावर जाऊ नको. नखाने दाबून वळ उठत असेल तर अजून कच्चं आहे. आपल्या हवेत किमान आठवडाभर ठेव. ठेवताना भिंतीला तिरका टेकवू नको, आडवा दोन-तीन ठिकाणी आधार देऊन ठेव. आणि कार्बनमधून वीज वाहते. बांधावरून चालताना वर तारा बघ, ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवून बाजूला हो.

शर्वरी_के
आणि मिसळलेल्या एपॉक्सीतलं उरलेलं फेकू नका, वाटीतच ठेवा. रॉडवर नख लावून बघण्यापेक्षा त्यावर लावून बघा, सुकण्याचा साधारण अंदाज येतो.

रंकाळाकाठी
हे आवडलं. दोरे घ्यायला रविवारी निघतोय. गुजरीकर, सोनेरी मेटॅलिक बारीक जाडीत तुमच्याकडे मिळेल?

गुजरीकर
बारीक जर आहे, पण ती रेशमासाठीची, एपॉक्सीखाली कशी दिसते ते बघितलेलं नाही. वीतभर तुकडा देतो, आधी जुन्या काठीवर लावून बघा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.